पूर्वकथेची लस

महाबली मालिकेचा त्रेपन्नावा चित्रपट समजून घ्यायचा, तर आधीचे बावन्न पाहिलेले असणं भाग होतं. शिवाय खलनायकाच्या मेहुण्यावरचा एक भावपूर्ण लघुपट. एवढा वेळ फक्त बेकारांकडे होता, आणि त्यांना तिकीट परवडत नव्हतं. म्हणून पुण्यातल्या स्मृतिरोपण प्रयोगशाळेत डॉ. अन्वय पिंगळेने ‘पूर्वकथा-लस’ तयार केली. दंडात एक सुई, की सगळं पाहिल्याची आठवण तयार.

पहिली सुई त्याने स्वतःलाच टोचून घेतली होती. आज लस बाजारात यायची होती. सकाळी तो आला, तर त्याच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसलेले.

“काका, लसीची रांग खाली आहे,” अन्वय म्हणाला.

गृहस्थ खूश होऊन हसले. “मोठा साहेब झालास की रे!”

त्याच्या वरिष्ठ डॉ. यास्मिन मुजावर मात्र हसल्या नाहीत. त्यांनी त्याला खिडकीपाशी ओढलं.

“अन्वय, हे तुझे बाबा आहेत.”

“माझे?”

“नवी आठवण मेंदूत बसते कुठे? तुझंच संशोधन आहे, सांग.”

“रिकामी जागा नसतेच, मॅडम. जी आठवण आपण सगळ्यात कमी काढतो, ती जाते आणि तिथे नवी बसते. म्हणून तर लस निर्धोक आहे. जातो तो निव्वळ कचरा...”

बोलता बोलता त्याने वळून खुर्चीतल्या गृहस्थांकडे पाहिलं. कान तापले. दुःख काही होईना, कारण काय गेलं तेच ठाऊक नव्हतं. लाज मात्र पुरेपूर वाटत होती. महाबलीचे वडील ज्वालामुखीत पडले तेव्हा आपण ढसाढसा रडलो, हे त्याला स्वच्छ आठवत होतं.

तो परतला. “बाबा,” त्याने शब्द जपून उच्चारला, “तुम्ही इकडे कसे?”

“मीही घेतली ना तुझी लस! चाचणीला माणसं हवी होती तुम्हाला. म्हटलं, फोनवर तुझ्याशी बोलायला काहीतरी विषय होईल. महाबलीच्या बापाचं वाईट झालं हं. पण ज्वालामुखीच्या काठावर कुणी उभं राहतं का?”

“आणि तुमचं काय गेलं?” यास्मिननी हळूच विचारलं.

“विशेष नाही. माझं नाव तेवढं गेलं. एकटा असतो, सोसायटीत सगळे ‘अन्वयचे बाबा’च म्हणतात, मग लागतंय कुठे? गेटवर विचारलं तेव्हा कळलं. पाकीटही घरी राहिलंय. म्हटलं, तुलाच विचारावं. काय रे माझं नाव?”

अन्वयने स्वतःच्या दारावरच्या पाटीकडे पाहिलं. आपल्या नावाच्या मधोमध बापाचं नाव असतंच की! पण शोधनिबंधांच्या सोयीसाठी त्याने ते कधीच आखडून टाकलं होतं. पाटीवर होतं, ‘डॉ. अ. द. पिंगळे’.

यास्मिन मान खाली घालून संगणकात त्याचं पूर्ण नाव शोधू लागल्या.

“दत्तात्रय?” अन्वय म्हणाला.

म्हाताऱ्याने चव घेतल्यासारखं तोंड हलवलं. “नसावं.”

“दामोदर?”

“अंहं.”

“दिगंबर?”

अन्वयला मान वर करता येईना. बाबांनी वाकून त्याचा चेहरा पाहिला, आणि घाईघाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

“दिगंबर आवडतं का तुला? मग तेच असेल.”