डावीकडचा कप्पा

आमच्या गाडीच्या डॅशबोर्डमधला डावीकडचा कप्पा कधीच नीट बसला नाही. गाडी जुनी घेतली तेव्हापासून त्याची ही खोड होती. गाडीचे कागद, टॉर्च, काच पुसायचं फडकं असलं सटरफटर त्यात असायचं. दाबून लावला की लागायचा, आणि पहिल्याच खड्ड्याला तोंड वासून डाव्या सीटवरच्या माणसाच्या मांडीवर पडायचा. ते माणूस म्हणजे माझी बायको.

मी चष्मेवाला आहे. उभं आयुष्य तिळाएवढे स्क्रू पिळण्यात गेलं. सैल बिजागरी मला बघवत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचा चष्मा तिरका दिसला तरी माझे हात शिवशिवतात. तेव्हा कप्पा दुरुस्त करणं मला काही जड नव्हतं, पण तिनं करू दिलं नाही. "तो चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीच्या मागे लागू नका," म्हणायची. "मी आहे ना धरायला." आणि गुडघा पुढे करून कप्प्याला टेकवायची. ती बुटकी, सीट पार पुढे ओढलेली, त्यामुळे गुडघा बरोबर तिथे पोचायचा.

पुढे पुढे ती पद्धतच पडून गेली. गाडी सुरू झाली की गुडघा कप्प्याला. लांबचा पल्ला असला आणि गुडघ्याला रग लागली की दुसरा लावायची, आणि त्या बदलाबदलीत कप्पा टक असा वाजायचा. मला आतलं काही हवं असलं तर आधी "सोड" म्हणावं लागे. न सांगता ओढला तर कप्पा बोटभर पुढे यायचा आणि परत जागेवर जायचा. एकदा टॉर्च तिच्या अंगठ्यावर पडला होता. तेव्हापासून, सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, हा तिचा नियम.

रिकामं बसणं तिला जमतच नसे. तिच्या बहिणीकडे आम्ही एकदा चार दिवस राहायला म्हणून गेलो. बहिणीनं कौतुकानं हिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर हिची पिशवी भरलेली. "इथे मला काही काम नाही. चला." बहीण अजून तो राग धरून आहे.

ती गेल्या थंडीत गेली. दवाखान्यात माझं बोट मुठीत धरून पडली होती. डॉक्टरांनी दारातून मला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, "सोड जरा, आलोच." तिनं सोडलं. मी परत येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

सांगायचं आहे ते यानंतरचं.

दुकान मी चालूच ठेवलं होतं. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा लोकांचे डोळे बघितलेले बरे. जाता-येता बाजाराजवळचा रस्ता लागतो. तिथे पाइप टाकायला खणून ठेवलेलं होतं आणि गाडी अशी आपटायची की दात वाजावेत. एका संध्याकाळी मागच्या सीटवरची पाण्याची बाटली खाली पडून घरंगळली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की कप्पा पडला नाही. त्या दिवशी पडला नाही, आणि आठवून पाहिलं तर आदल्या दिवशीही पडला नव्हता. कितीतरी दिवसांत पडला नव्हता.

गाडी कडेला घेऊन थांबवली. थांबवली आणि कप्पा आपला उघडून खाली लोंबला. मी दाबला, हात काढला, पुन्हा लोंबला. मग हात तसाच ठेवून गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकायला हात काढला. कप्पा बंद राहिला. घरापर्यंत बंद राहिला.

मी डोळ्यांवर चटकन विश्वास ठेवणारा माणूस नाही. दुकानात रोज कुणीतरी मला ठणकावून सांगतं की सगळं लख्ख दिसतंय, आणि भिंतीवरचं सगळ्यात मोठं अक्षर चुकतं. म्हणून मी नीट तपासून बघितलं. कप्पा रिकामा करून बघितलं, जड सामान भरून बघितलं, चांगल्या रस्त्यानं, वाईट रस्त्यानं. फरक नाही. मग एकदा भाजीची पिशवी डाव्या सीटवर ठेवली. पहिल्याच वळणावर कप्पा धाडकन पडला. पिशवी उचलून मागे टाकली, कप्पा लावला. आता तो हलेना.

त्यानंतर मी डाव्या सीटवर काही ठेवलं नाही.

घाबरलो का? नाही. खरं सांगायचं तर इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. घरात एकच कप विसळायचा, एकाच उशीचा अभ्रा बदलायचा, टीव्हीवर कुणी विनोद केला तर कुणाकडे बघायचं हा प्रश्न. गाडीत तसं नव्हतं. मी उगाच लांबच्या रस्त्यानं दुकानात जाऊ लागलो. दुपारचा डबा गाडीत बसून खाऊ लागलो, पण गाडी उभी असली की कप्पा उघडा पडलेला, म्हणून दोन घास खायचो आणि एक चक्कर मारायचो. बोलायचोही. डावीकडे मात्र बघायचो नाही. आणि "सोड" हा शब्द चुकूनही तोंडातून जाऊ दिला नाही. दुकानात फ्रेम घट्ट धरून बसलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा मी "द्या इकडे" म्हणायचो.

मग मुलगी आली. ती दुसऱ्या गावी असते. स्टेशनवर घ्यायला गेलो तर येऊन डावीकडे बसली, बसल्या बसल्या सीट मागे सरकवली. मी तोंड उघडणार एवढ्यात कप्पा तिच्या गुडघ्यावर आपटला.

"आई गं! बाबा, हे अजून तसंच?"

"तुझ्या आईला चालायचं."

"आईला काय, सगळंच चालायचं." मग म्हणाली, "शेजारच्या काकूंचा फोन होता मला. तुम्ही गाडीत बसून जेवता म्हणे. एकटेच बोलता."

मी गिअर बदलला. ती कप्पा हातानं धरून बसली होती, मध्येच सोडायची आणि तो पडायचा.

"मी काय म्हणते, गाडी मी घेऊन जाते. दुकान काय, बसनंही जाता येईल. पुढच्या रविवारी हे येतील माझ्याबरोबर, तेच चालवत नेतील. तोवर तेवढा हा कप्पा नीट करून घ्या." मग हात माझ्या हातावर ठेवून म्हणाली, "बाबा, मला भीती वाटते हो तुमची."

तिला काय सांगणार? सांगितलं असतं तर गाडीबरोबर मलाही घेऊन गेली असती. हो म्हटलं. शिवाय मनात एक किडा वळवळत होताच. कप्पा पक्का झाला की खरं काय ते कळेल. काही फरक पडला नाही, तर सगळे आपल्या मनाचे खेळ. इतका सरळ विचार केला होता मी.

गॅरेजवाला तसा बोलका माणूस. डाव्या सीटवर मांडी घालून बसला आणि टॉर्च आत घातला.

"याची कडीच तुटलीय. बिजागरीची एक पिन पण गायब. काका, हा लागतो तरी कसा?"

"चालत्या गाडीत लागतो."

"चालत्या गाडीत? मग कुणीतरी धरून बसत असेल," तो हसला. मग हसता हसता थांबला. कप्प्याच्या झाकणावर त्यानं अंगठा फिरवला. सगळ्या डॅशबोर्डवर धुळीचा थर होता, मी कधी पुसला नव्हता. झाकणाच्या खालच्या अंगाला मात्र बशीएवढी जागा स्वच्छ होती आणि चकाकत होती. "इथे रोज काहीतरी घासतंय," तो म्हणाला. "ताजं आहे हे." आणि सीटवरून उतरून, उरलेलं सगळं काम त्यानं बाहेर उभं राहून, वाकून केलं.

काम चोख केलं, त्यात खोट काढता येणार नाही. नवी कडी, नवी पिन, कडेनं रबराची पट्टी. बोटानं ढकलला की टिच्च बसायचा, फट सगळीकडे सारखी. माझ्यासारख्या माणसाला समाधान वाटावं असं काम होतं.

बाजाराजवळच्या रस्त्यानं परत आलो. गाडी आपटली, कप्पा हलला नाही. पण आता तो नव्या कडीमुळे हलत नव्हता, आणि ते मला स्टिअरिंगमागे बसल्या बसल्या कळत होतं. डावीकडे नुसती सीट होती. मी "अगं" म्हटलं. मग पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्यानं वळून बघितलं.

तेव्हा मला तिच्या बहिणीचं घर आठवलं. कॉटवर ठेवलेली भरलेली पिशवी आठवली. तिचं काम मी स्वतःच्या हातानं काढून घेतलं होतं. गाडी घरासमोर लावून मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो इतका रडलो.

पुढचे काही दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. दुकान उघडलं नाही.

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर भिंतीतलं कपाट आहे. त्याचं एक दार बिजागरीत सैल झालेलं. चहा ठेवायला वाकलो आणि सरळ झालो की ते कपाळावर बसायचं. रोजचं टेंगूळ. एका सकाळी चहा ठेवला, सरळ झालो आणि कपाळ सवयीनं मागे घेतलं. काही लागलं नाही. दार बंद होतं.

मी ते हळूच ओढलं. बोटभर पुढे आलं आणि परत जागेवर गेलं.

चहा उतू गेला तरी मी तिथेच उभा होतो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. ती गेली नव्हती. गाडीतलं काम संपलं म्हणून घरात आली होती, एवढंच.

एक कपाट तिला किती दिवस पुरणार? मी दुकानातला छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन आलो आणि घरभर फिरलो. चपलांच्या कपाटाची कडी सैल केली. बैठकीतल्या खिडकीची खिट्टी सैल केली. टेबलाच्या खणाचं कुलूप काढून टाकलं. जन्मभर जे घट्ट करत आलो ते सैल करत सुटलो. दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे, घट्ट. वाऱ्यानं खिडकी वाजली नाही. खण ओढला तर बोटभर आला आणि मागे गेला.

रविवारी मुलगी आणि जावई आले. मी किल्ली हसत हसत दिली. "बाबा आता सावरले," ती जावयाला म्हणाली. जाताना मला मिठी मारली. मग चपलांचं कपाट उघडेना म्हणून चिडली, तशी मी म्हटलं, "थांब, मी देतो." कडी सैल करायच्या आधीच सगळ्या चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या मी, तिच्याही बाहेरच होत्या.

काल झोपायच्या खोलीच्या दाराचा लॅच सैल केला. पलंग आडवा येतो म्हणून हे दार बाहेर, पॅसेजमध्ये उघडतं. चौकट कलती आहे, त्यामुळे लॅच नसला तर दार आपोआप बाहेर झुलतं. शेवटचा स्क्रू काढला, लॅच बाजूला ठेवला आणि दार आत ओढून घेऊन आडवा झालो.

सकाळी उठलो. दार बंद होतं.

ढकललं. बोटभर बाहेर गेलं आणि परत बसलं.

पुन्हा ढकललं, खांदा लावून. बोटभर गेलं, परत बसलं.

खिडकीला गज आहेत. फोन बैठकीत आहे. मघाशी तो बराच वेळ वाजत होता, मुलीचाच असणार. उशापाशी पाण्याची बाटली होती, ती दुपारी संपली. आता ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं आहे.

काय म्हणायचं ते मला माहीत आहे. एकच शब्द. पण तो मी मागे म्हटला तेव्हा तिनं ऐकलं होतं.

मी दाराला पाठ लावून खाली बसलो आहे. लाकूड थंड आहे. फक्त एका जागी, माझ्या खांद्याजवळ, जरासं कोमट लागतं. हात लावून बघितलं. बशीएवढी जागा.

फोन पुन्हा वाजायला लागला. मी उठून दाराला हात लावला, तोंड उघडलं आणि मिटलं.

बाहेरून दार टक असं वाजलं. रग लागली असेल. तिनं गुडघा बदलला.