घरगाडीची दोरी

लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आणायचं, एवढंच काम होतं. दोन हजार चारचा ऑगस्ट. दीक्षा चंदगडला शाळेत शिक्षिका, जावई धम्मपाल पुण्याला नोकरीला आणि दिवस भरत आलेले. एवढ्या खड्ड्यांतून पोरीला बसवून कशाला आणायचं, आडवी पडून येऊ दे, म्हणून भाऊसो आणि आक्काताई आपली घरगाडी घेऊन सकाळीच मुरगूडहून निघाले होते.

घरगाडी हा शब्द आक्काताईचा. मूळची ती एका साखर कारखान्याची ॲम्ब्युलन्स, जुनी मॅटॅडोर. भाऊसो त्याच कारखान्यात कामगारांच्या बसवर ड्रायव्हर होता. तो निवृत्त झाला त्याच वर्षी ही गाडी लिलावात निघाली. कुणी बोली लावेना, ती यानं घेतली. मग आत दोन्ही बाजूंना फळ्यांचे बाक ठोकले, बाकांखाली धान्याचे डबे बसवले, कोपऱ्यात दोन बर्नरची शेगडी आणि टपावर पाण्याची टाकी. गावातले लोक हसले. म्हातारपणी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणार काय, असं म्हणाले.

हिंडणारच होते. आणि का, ते विचारणाऱ्याच्या तोंडावर सांगायला आक्काताई कधी कचरली नाही. आयुष्यात पहिल्यांदा दोघं फिरायला म्हणून निघाली होती, तेव्हा एका गावात लॉजवाल्यानं रजिस्टर उघडून आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात राहायला कुठल्या बाजूला, तेही विचारलं. आणि मग म्हणाला, खोली शिल्लक नाही. त्याच्या डोक्यामागं खिळ्यांना सात किल्ल्या लटकत होत्या. त्या सात किल्ल्या आक्काताई मरेपर्यंत विसरणार नव्हती. आपलं अंथरूण, आपलं पाणी, आपली चूल आणि आपलं दार असलं, की कुणाच्या बापाला आडनाव सांगायची गरज नाही, हे तिनं तिथल्या पायरीवरच ठरवून टाकलं.

गाडीच्या मागच्या दारावर आतल्या बाजूनं दीक्षानं ऑइलपेंटनं नियम लिहिले होते. सिलिंडर बंद केल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मुक्कामाला गाडीचं तोंड रस्त्याकडं. पाणी मिळेल तिथं भरून घ्यायचं, संपायची वाट बघायची नाही. ओढ्याच्या पात्रात मुक्काम नाही. आणि सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरांत: हजेरीशिवाय बेल नाही.

हा शेवटचा नियम भाऊसोनं कमावलेला होता. गोव्याच्या वाटेवर एका पेट्रोल पंपावर आक्काताई संडासला गेली आणि हा गडी तिला तिथंच सोडून नऊ किलोमीटर पुढं गेला. त्यानंतर ती निघताना शाळेसारखी हजेरी घ्यायची. प्रत्येकानं आपल्या तोंडानं 'हाय' म्हणायचं आणि मगच ती दोरी ओढणार. दोरी म्हणजे कामगारांच्या बसमधली. बस भंगारात निघाली तेव्हा भाऊसोनं तिची पितळी बेल मागून घेतली, ड्रायव्हरच्या डोक्यावर बसवली आणि दोरी छताखालून मागच्या दारापर्यंत नेली. एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे जा. तीस वर्षं त्या बेलवर गाडी हाकलेला माणूस तो, त्याचा पाय डोक्याच्या आधी ऐकायचा.

चंदगड सोडलं तेव्हा तीन वाजले होते, पण उजेड सातचा वाटत होता. धुकं थेट रस्त्यावर उतरलेलं. भाऊसोनं हेडलाइट लावले, तर पुढं नुसता पांढरा पडदा. मागं एका बाकावर दीक्षा कुशीवर पडलेली, समोरच्या बाकावर आक्काताई. ओल्या ताडपत्रीचा वास येत होता आणि त्याच्या खालून तो दुसराही, जुन्या फिनेलचा. दोन वर्षं घासून, उन्हात उघडी ठेवून, उदबत्त्या लावून तो वास गेला नव्हता.

"आई," दीक्षा म्हणाली, "कंबर लई दुखाय लागलीया."

आक्काताईनं तिच्या पोटावर हात ठेवला. पोट दगडासारखं कडक झालं, थोडा वेळ तसंच राहिलं आणि सैल पडलं. ती घड्याळाकडं बघत बसली. सात मिनिटांनी पुन्हा तेच.

तिनं मधल्या काचेवर टकटक केलं. "अवो, कळा सुरू झाल्यात. मुरगूड न्हाय गाठायचं आता. वाटंत तालुक्याचा दवाखाना हाय, तिथं घ्या. कुठं थांबू नगा."

"तासभर लागंल," भाऊसो काचेपलीकडून म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

तो का बारीक झाला, ते आक्काताईला माहीत होतं. पुढं पडक्या निवारा शेडचं वळण होतं आणि त्या वळणाची गोष्ट भाऊसोच्याच तोंडून तिनं शंभरदा ऐकली होती. ती सांगताना तो रागानं थरथरायचा. चौऱ्याण्णव सालचा असाच ऑगस्ट. डोंगरातल्या वाडीवरची बनाबाई, कारखान्यावर रोजंदारीत असलेल्या एका गड्याची बायको, अडलेली होती. हीच ॲम्ब्युलन्स तिला आणायला गेली. येताना वळणावर एका संचालकाची जीप बंद पडलेली आणि त्याच्या पाव्हण्यांना बेळगावला गाडी पकडायची घाई. संचालकानं ॲम्ब्युलन्स अडवली. बाईला शेडमध्ये उतरवा म्हणाला, दहा मिनिटांत परत पाठवतो. ड्रायव्हरनं उतरवलं! कळा देणाऱ्या बाईला, पावसात, गळक्या पत्र्याखाली! नवरा बैलगाडी आणायला वाडीकडं पळाला. ॲम्ब्युलन्स पाव्हणे पोचवून, जेवून, दुसऱ्या दिवशी सकाळी परत आली. नवरा बैलगाडी घेऊन आला तेव्हा बनाबाई आणि पोटातलं बाळ दोन्ही गेलेली होती. चौकशी झाली, म्हणजे चहा झाला. आणि गाडीच्या नोंदवहीत कुणीतरी स्वच्छ अक्षरात लिहिलं: रुग्ण स्वेच्छेने उतरली.

गाडी विकत घेताना आक्काताईच म्हणाली होती, की दोष माणसांचा, पत्र्याचा न्हवं.

शेड धुक्यात दिसलीसुद्धा नाही. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये वळण घेत होती. आक्काताईचे दोन्ही हात दीक्षाच्या हातात होते, कारण कळ आली होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत छताखालची दोरी ताणली गेली. हळू, वजन दिल्यासारखी खाली आली आणि सुटली.

टण्ण.

गाडी जागच्या जागी थांबली. डब्यांची खडखड झाली. मग इंजिनाचा आणि टपावरच्या पावसाचा आवाज तेवढा उरला.

"का थांबला वो?" आक्काताई ओरडली. "पोरगी हितं मराय लागलीया!"

"बेल..." भाऊसो म्हणाला. "बेल दिलीस की."

"मी न्हाय दिली! माझं हात हितं हायत. सोडा गाडी!"

गाडी सुटली नाही. काचेतून त्याचा फक्त खांदा दिसत होता.

"पाय निघंना ब्रेकवरचा," तो म्हणाला. "आक्का... त्या दिवशी मी गेलतो हितनं."

"कुठल्या दिवशी?"

"बस घिऊन. दुसऱ्या पाळीची माणसं घिऊन निघालतो. ती शेडच्या खांबाला धरून उभी हुती. हात केला तिनं. मी बघितलं. मागं क्लीनर ज्ञानू हुता बेलवर, त्यानंबी बघितलं. पर कारखान्याचा हुकूम हुता, भाईरचं माणूस घ्याचं न्हाय. ज्ञानूनं बेल दिली न्हाय. आन् बेल न्हवती म्हणून मी थांबलो न्हाय. बेल मिळाली असती तर थांबलो असतो. दहा वर्सं स्वतःला हेच सांगतोय."

आक्काताईच्या डोक्यात जाळ झाला. भीती होती, नव्हती असं नाही, पण ती मागं पडली आणि राग पुढं आला. दहा वर्षं! दहा वर्षं हा माणूस संचालकाला शिव्या घालत होता, त्या ड्रायव्हरचं तोंड बघायचं नाही म्हणत होता, नोंदवहीतलं ते वाक्य लोकांना म्हणून दाखवत होता आणि स्वतः चाळीस सीटांची बस घेऊन तिच्या पुढ्यातून गेला होता. लॉजवाल्याच्या मागं सात किल्ल्या होत्या. याच्या मागं किती सीटा रिकाम्या होत्या?

"सीट हुती का रिकामी?" तिनं विचारलं.

"निम्मी बस," तो म्हणाला.

"शरम वाटाय पायजे तुमाला," आक्काताई म्हणाली. "त्या संचालकाला तर कधीच न्हवती. तुमी तर आपलं माणूस हुता!"

दीक्षा विव्हळली. पुन्हा कळ. आता चारच मिनिटांनी. आक्काताईनं तिच्या कपाळावरचा घाम पुसला, उठली आणि मागच्या दाराशी गेली. नियम लिहिलेलं दार तिनं सताड उघडलं. बाहेर धुकं होतं, आणि धुक्यात शेडचा एक खांब.

"या बाई," ती म्हणाली. मग तिनं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "या. जागा हाय. ह्या गाडीतनं आता कुणी कुणाला उतरवत न्हाय."

काही दिसलं नाही. पण गाडी मागच्या बाजूनं किंचित खाली बसली, माणूस पायरीवर चढताना बसते तेवढी. फिनेलचा वास एकदम दाटला. रिकाम्या बाकावर, आक्काताई उठली होती तिथून थोडं पुढं, घडी घातलेली जुन्या लुगड्यांची वाकळ मधोमध दबली आणि तशीच राहिली.

आक्काताईनं दार लावलं. हजेरी घ्यायची ताकद तिच्यात नव्हती. तिनं दोरी धरली, ती हाताला ओली लागली, आणि दोनदा ओढली. भाऊसोचा पाय ब्रेकवरून सुटला.

तो तासभर कसा गेला, ते आक्काताईनं नंतर कुणाला धड सांगितलं नाही. ती लेकीच्या पायाशी बसून होती, एका हातानं सिलिंडर धरून, एका हातानं बाकाची कड. मध्येच दीक्षा डोळे मिटून म्हणाली, "आई, हात सोडू नगंस. असाच धर."

आक्काताईनं आपल्या दोन्ही हातांकडं बघितलं. दीक्षाचा उजवा हात बाकाबाहेर होता आणि त्याची मूठ कशाभोवती तरी घट्ट वळलेली होती.

"धरलाय बाई," आक्काताई म्हणाली. "न्हाय सोडत..."

दवाखान्यात पोचल्यावर वीस मिनिटांत मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. भाऊसो व्हरांड्यात भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडला आणि आक्काताईनं त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही. त्या तीन दिवसांत ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. एकदा तो म्हणाला, दोरी काढून टाकतो. ती म्हणाली, "हात लावून बघा."

गाडी दवाखान्याच्या आवारात उभी होती. तोंड रस्त्याकडं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं म्हणून आक्काताई अंथरुणं वाळत घालायला गेली. समोरच्या बाकावरची वाकळ अजून दबलेलीच होती. पण आता त्या खोलगटाला लागून, काखेशी येईल अशा जागी, आणखी एक खळगा पडला होता, वीतभर. बाळंतीण तान्ह्याला कुशीत घेऊन पडते तसा. आक्काताईनं त्या लहान खळग्यावर तळहात ठेवला. तो कोमट होता. तिनं वाकळ उचलली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ते निघाले. दीक्षा आपल्या बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली. समोरचा बाक आक्काताईनं मोकळा सोडला आणि स्वतः खाली पाण्याच्या डब्यावर बसली. का, ते दीक्षानं विचारलं नाही. बाहेर लख्ख सकाळ होती. केसपेपर काढायला आलेले लोक गाडीकडं बघत होते.

"सिलिंडर बंद," आक्काताईनं सुरुवात केली. "डायवर?"

"हाय," भाऊसो म्हणाला.

"दीक्षा?"

"हाय."

"आन् आमची बारकी?"

"हाय म्हणतीया," दीक्षा हसून म्हणाली.

आक्काताईनं दोरीकडं हात नेला आणि थांबवला. दारावरचं शेवटचं वाक्य तिच्या डोळ्यांसमोर होतं. हजेरीशिवाय बेल नाही. नियम तिचाच होता आणि नियम म्हणजे सगळ्यांना आला. ज्यांना कुणीच मोजलं नाही, त्यांना तर आधी.

"बनाबाई?" ती हळू म्हणाली.

पुढं भाऊसोनं वळून काचेतून मागं बघितलं. दीक्षाचं हसू मावळलं. मग दोरी खाली आली, वजन दिल्यासारखी, आणि सुटली.

टण्ण.

आक्काताईचा हात हवेतच होता. एक बेल म्हणजे थांब. भाऊसो थांबला होता. सगळेच थांबले होते.

आणि मग दोरीचं टोक पुन्हा हललं. या वेळी अगदी खालून, बाकाच्या उंचीवरून, दोन-तीनदा नुसतंच चाचपडल्यासारखं, मूठ अजून नीट वळत नसावी तसं. शेवटी बेल वाजली. इतकी बारीक, की दीक्षाच्या मांडीवरचं बाळ जागंसुद्धा झालं नाही.

दोन बेल झाल्या होत्या. भाऊसोच्या पायानं क्लच सोडला आणि गाडी मुरगूडच्या रस्त्याला लागली.