नकाशावरचा निळा गोल

दिवे गेले तर जाऊ देत. मोबाइल खाली ठेवा आणि जवळ सरका. नकाशा कधी चुकत नाही, असं मघाशी कोण म्हणालं? तू ना? मग ऐक. माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या डोळ्यांदेखत घडलेलं आहे. खोटं वाटत असेल तर उद्या उजाडल्यावर त्याला फोन लाव. अंधार पडल्यावर तो उचलत नाही.

मेहुणा मोजणी खात्यातला. निवृत्त झाला आणि त्याला एक नाद लागला. सत्तर वर्षांपूर्वीचे नकाशे मिळवायचे, शेजारी आजचा नकाशा मांडायचा आणि मधल्या काळात काय गायब झालं ते शोधत रानोमाळ हिंडायचं. मोडलेली वाट, उठून गेलेली वस्ती, असलं काहीबाही. त्याची बायको म्हणायची, "स्वतःचा चष्मा सापडत नाही आणि निघालेत गावं शोधायला!"

तर गेल्या वर्षी असाच एका गावी गेला, जुन्या पायवाटेची चौकशी करायला. एका बाईंच्या ओट्यावर त्यानं नकाशा पसरला. साठीच्या पुढच्या बाई. त्यांनी एका निळ्या गोलावर बोट ठेवलं.

"दादा, हे काय आहे?"

"विहीर आहे, ताई. आजच्या नकाशात मात्र नाही."

बाई ढसाढसा रडायला लागल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्यांचा नवरा विहिरीतला गाळ काढायला जातो म्हणून धाकट्या भावाबरोबर शेतात गेला, तो परत आलाच नाही. धाकटा म्हणाला, "दादा पळाला कुठल्यातरी बाईबरोबर. आणि शेतात विहीर होतीच कुठे?" तोवर त्यानं ती बुजवून वर ट्रॅक्टर फिरवला होता. वहिनीला शेताबाहेर काढलं. पुढे त्याची मोठी डेअरी झाली. ज्यांना विहीर आठवत होती ते सगळे त्याच्याच डेअरीला दूध घालत होते, मग बोलणार कोण? बाईंनाच वेडी ठरवलं. चाळीस वर्षं!

मेहुणा तडकला. नकाशा घेऊन तडक डेअरीवाल्याकडे गेला. डेअरीवाला बिलंदर. हसून म्हणाला, "दाखवा जागा. विहीर निघाली तर खणायचा खर्च माझा."

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार होता. सूर्य बुडालेला, चंद्र उगवायचा होता. दोघंच निघाले. डेअरीवाल्याच्या हातात पितळी बॅटरी, मेहुण्याच्या हातात होकायंत्र. ओढ्यावरच्या दगडी पुलापासून दिशा धरून मेहुणा मोजत चालला आणि थांबला. पायाखाली अखंड खडक.

डेअरीवाला पोट धरून हसला. "खडकात विहीर? तुमच्या आज्यानं खणली होती का?"

मेहुण्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तेवढ्यात लख्ख आठवलं. होकायंत्राची उत्तर वर्षागणिक थोडी थोडी सरकते. जुन्या नकाशावरून चालायचं तर तेवढा फरक धरावा लागतो. उभी हयात मोजणीत घालवली आणि रागाच्या भरात नेमकं तेच विसरला.

"चुकलो मी. विहीर तिकडे. डावीकडे."

हसू थांबलं.

"तिकडे काही नाही," डेअरीवाला म्हणाला.

"तुम्ही तर बघितलंही नाहीत."

बॅटरी सगळीकडे फिरत होती. डावीकडे तेवढी जात नव्हती.

मग डावीकडून आवाज आला. कर्र… कर्र… कप्पीवरून दोर सरकावा तसा. तिथे कप्पी नव्हती. दोर नव्हता. नुसतं गवत.

"धाकट्या…"

आवाज खालून येत होता. जमिनीच्या खालून.

"धाकट्या, दोर का सोडलास रे?"

डेअरीवाला कसाबसा म्हणाला, "दादा… निसटला… हातातून…"

"वर दगड पण निसटले? ये. आता तू उतर."

मेहुण्याला हलता येईना. माणूस दिसत नव्हता, नुसता बॅटरीचा उजेड दिसत होता. उजेड डावीकडे गेला. थांबला. मग खाली गेला. हळूहळू. गवतात. जमिनीत.

अंधार.

मेहुणा पळत सुटला तो थेट बाईंच्या ओट्यावर येऊन पडला. सकाळी गाव गेलं. गवताचं पातंही मोडलेलं नव्हतं. डेअरीवाल्याचा पत्ता नाही, आजतागायत नाही. मग कुणी अडवायलाही उरलं नाही. बाईंनी उभं राहून तिथेच खणायला लावलं.

पाचव्या दिवशी दगड लागले. चाळीस वर्षं घट्ट बसलेले, मधे मुंगीला शिरायला फट नव्हती. ते काढले. खाली एकच सांगाडा. कंबरेला दोराचा वेढा. बाईंनी बोटातली अंगठी ओळखली, आणि इतक्या वर्षांनी कुंकवाच्या धन्याला हाक मारून रडल्या.

सांगाड्याच्या दुसऱ्या हाताच्या मुठीत मात्र डेअरीवाल्याची पितळी बॅटरी होती.

पेटलेली.

मेहुण्यानं बटण दाबलं, सेल काढले. विझेना. बाईंनी डोळे पुसले, त्या उजेडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "राहू दे, दादा. अजून दोघा भावांचा हिशेब चालू असेल."