इथं एक कुणी दाखवत नाही

अनंतराय बुच मास्तर छोट्या रणात, त्या खाऱ्या वाळवंटात, गेले ते चार पानं लिहायला. प्रकाशकाला त्यांच्या निवडक कथांची नवी आवृत्ती काढायची होती, आणि सुरुवातीला मास्तरांनी रणाविषयी काहीतरी लिहून द्यावं, असा त्याचा हट्ट होता. पंचाईत अशी, की ज्या रणावर मास्तरांचं सगळं नाव उभं होतं, तिथं ते कधी एक दिवससुद्धा राहिले नव्हते. तरुणपणी रणाच्या कडेनं एसटीतून जाताना लांबवर उन्हात एक चमक दिसली होती. तेवढ्या भांडवलावर त्यांनी ‘एकली’ ही कथा लिहिली.

कथेत फार काही घडत नाही. पिलूच्या दोन वाळक्या झाडांच्या पलीकडे एक झोपडी, झोपडीत एक बाई. ती रोज दुपारी दारात उभी राहून आरशानं ऊन परतवते आणि कुणीच उत्तर देत नाही. पहिल्या खर्ड्यात बरंच काही होतं. मग मास्तरांनी एकेक गोष्ट खोडली. आधी पक्षी खोडले, मग पाणी उपसणारं यंत्र, मग वारा. शेवटी बाईचं नावही खोडलं. जागा जितकी ओसाड, तितका माणूस एकटा दिसतो, हे त्यांना तेव्हाच उमगलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. पुढं कथा नववीच्या पुस्तकात गेली. ‘रणाच्या वर्णनातून नायिकेचा एकाकीपणा कसा व्यक्त होतो?’ हा पाच गुणांचा प्रश्न मास्तरांनी स्वतः वर्षानुवर्षं विचारला, आणि ‘रण म्हणजे तिचं मन’ हे पाठ केलेलं उत्तर मुकाट्यानं तपासलं.

बायको, कुंदनबेन, जाऊन दोन वर्षं झाली होती. वढवाणच्या घरात मास्तर एकटेच. दार आतून लावलं काय नि बाहेरून लावलं काय, विचारणारं कुणी नव्हतं. दुसऱ्या खोलीतून ‘आहात ना?’ म्हणणारा आवाज गेला, तेव्हापासून आपण नक्की आहोत का, अशी शंका त्यांना अधूनमधून येई. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

एका जुन्या विद्यार्थ्यानं राईबेन आणि देवशी या मीठ पिकवणाऱ्या अगरिया नवराबायकोच्या मिठागरावर त्यांची सोय करून दिली. माघ संपत आला होता. काठ्या आणि गोणपाटाची झोपडी, पुढं पाण्यानं भरलेले मिठाचे वाफे, आणि यंत्राची सतत टुक टुक. चारी बाजूंना भेगाळलेली जमीन आणि खाऱ्या ओलीचा वास.

पहिल्याच दुपारी राईबेन दारात आली. ओढणीखालून तिनं हातभर आरसा काढला, पूर्वेकडे धरला आणि मनगटानं तीनदा झटका दिला. क्षितिजावरून पाच चमका आल्या.

“हे काय?” मास्तरांनी विचारलं.

“नणंदेचं मिठागर आहे तिकडं. आम्ही किती आहोत ते सांगितलं. जितकी माणसं तितक्या चमका. रोज दुपारी. नाही दिसल्या तर कुणीतरी बघायला येतं.”

“पण तुम्ही तर दोघंच...”

“आणि तुम्ही काय मीठ आहात?” राईबेन हसली. “माणूसच ना? मग तीन!”

मास्तरांना एकदम भरून आलं. त्यांनी चष्मा पुसायचं निमित्त केलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांना मोजलं होतं.

संध्याकाळी रोटला नि लसणाची चटणी खाताना राईबेननं विषय काढलाच. “तुमचा तो धडा माझ्या मुलीला, जमकूला होता. मोठ्यानं वाचायची इथं बसून. राग आला मला.”

“का गं?”

“अहो, त्या बाईला नणंद नाही, जाऊ नाही, साधं कुत्रंसुद्धा नाही. रण कुठं असं असतं? आम्ही आहोत की! तुम्हाला ओसाड पाहिजे होतं म्हणून तुम्ही माणसं हाकलून दिलीत.”

“ते कथेसाठी असतं, राईबेन.”

“असेल. पण ती बिचारी अजून उभीच असेल ना दारात? शेवट तर तुम्ही केलाच नाहीत.”

देवशी खो खो हसला. मास्तरही हसले, पण हातातला घास त्यांनी पुन्हा ताटात ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांचं लक्ष पश्चिमेकडे गेलं. तिकडं, मृगजळाच्या पाण्यात घोट्यापर्यंत बुडालेली, दोन वाळकी पिलूची झाडं होती. त्यांना गंमत वाटली. आपण मनानं लिहिलं ते खरंच निघालं. मग झाडांच्या मागून चमक आली. एकच.

“राईबेन, तिकडं पण कुणीतरी...”

तिनं त्यांचा खांदा धरून त्यांना वळवलं. “तिकडं बघायचं नाही, मास्तर. तिकडं मिठागर नाही. जमीन पाय धरते तिकडची.”

“मग आरसा कोण...”

“चहा निवतोय.” ती चुलीकडे वळली.

चौथ्या दिवशी सकाळी निरोप आला, की गावात जमकूच्या पोटात कळा सुरू झाल्या. देवशीनं फटफटी काढली. राईबेन मागं बसता बसता सूचना देत होती, “यंत्र बंद पडलं तर हात लावू नका. आम्ही उद्या दुपारपर्यंत येतो. आणि आरसा दाखवायला विसरू नका. दोन दाखवा.”

“मी तर एकटाच असेन. मग एक ना?”

ती फटफटीवरून खाली उतरली. “इथं एक कुणी दाखवत नाही. एकटा माणूस दोनच दाखवतो.”

“का?”

“एकट्याला तिकडून मागणी येते,” देवशी हळूच म्हणाला. राईबेननं त्याच्याकडे रागानं पाहिलं. फटफटीमागं धावत त्यांचं कुत्रंही गेलं.

मास्तर लिहायला बसले. कागदावर ‘रण रिकामं नसतं’ एवढं एकच वाक्य उमटलं. बाहेर मिठाच्या कडेला पाणपक्ष्यांचा थवा होता. ऊन चढलं तसा तो उठला आणि उत्तरेला निघून गेला. एकही मागं राहिला नाही. थोड्या वेळानं यंत्र दोनदा खोकलं आणि थांबलं. इतके दिवस ज्या टुक टुकचा कंटाळा आला होता, ती गेल्यावर मास्तरांना आपल्याच कानात रक्ताचा आवाज ऐकू येऊ लागला. मग गोणपाट फडफडायचं थांबलं. वारा पडला.

पक्षी, यंत्र, वारा. मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. हाच क्रम होता... याच क्रमानं त्यांनी खोडलं होतं.

दुपार झाली. त्यांनी आरसा घेऊन पूर्वेकडे दोन चमका पाठवल्या. पाच चमका परत आल्या. काम संपलं होतं, आता आत जायला हवं होतं.

ते आत गेले नाहीत. पाठीवर ऊबदार काहीतरी हललं. त्यांनी वळून पाहिलं. पिलूंच्या मागून चमक आली होती. एकच. आज झोपडीही दिसत होती, दार त्यांच्याच दिशेला. दारात काहीतरी उभं होतं, काठीसारखं सरळ आणि अजिबात न हलणारं.

मास्तरांना भीती वाटली, पण तिच्याहून जास्त लाज वाटली. तीस वर्षं ही बाई उन्हात उभी होती, कारण एका मास्तराला कथा चांगली हवी होती. तिला शेजार दिला नाही. नाव दिलं नाही. आणि आता तिलाच खोटं सांगायचं, की मी एकटा नाही? दुपारच्या त्या शांततेत मास्तरांना वाटलं, की जगात ‘आहात ना?’ म्हणून विचारणारं हे एवढंच उरलंय.

त्यांनी आरसा पश्चिमेकडे धरला आणि मनगटाला झटका दिला. एकदाच.

तिकडची चमक विझली. नंतर उत्तर आलं नाही. वारा पुन्हा सुटला आणि मास्तर रात्रभर गाढ झोपले.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर येताना फटफटी आली. “मुलगी झाली!” देवशी लांबूनच ओरडला. कुत्रं पुढं धावत आलं, मास्तरांपासून दहा पावलांवर थांबलं आणि शेपूट आत घालून देवशीच्या पायांत घुसलं.

राईबेननं गुळाची पुडी सोडली, आणि तेवढ्यात तिची नजर त्यांच्या खांद्यावरून मागं गेली. मास्तरांनीही वळून पाहिलं.

पश्चिमेकडून चमक आली. एक. मग, जरा सावकाश, दुसरी.

“दोन...” देवशी पुटपुटला. “तिकडं तर आजवर कधी...”

“मास्तर,” राईबेनचा आवाज अगदी खाली आला, “काल तुम्ही तिकडं काय दाखवलंत?”

“एक.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं त्यांच्या हातातून आरसा घेतला, ओढणीनं पुसला, पुन्हा पुसला. मग पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. एक झटका दिला. दुसरा दिला. आणि आरसा खाली घेतला.

“राईबेन, तीन ना?” मास्तर घाईनं म्हणाले. “मी आहे की इथं. तिसरी राहिली.”

तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. “माझी मोजणी चुकत नाही, मास्तर,” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली.

मग ती चुलीपाशी बसली आणि चहा ओतू लागली. तिच्यासमोर दोन बशा होत्या.