परत येताना नेतो

पटलं तर घ्या, नाहीतर खुशाल खोटारडा म्हणा. मला फरक पडत नाही. यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्यावर बेतलं तो अनुप माझा सख्खा मावसभाऊ आहे. आणि जे घडलं त्यात माझाही वाटा आहे.

अमावास्या, मध्यरात्र, बंद खोली... असलं काही यात नाही.

सकाळी सव्वासात. मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. इंग्लंडमधलं नेदर ॲल्डन नावाचं गाव, ब्रॅकनेलपासून गाडीने पाऊण तासावर. एक चर्च, एक पब, शंभरेक घरं, बाकी सगळी कुरणं आणि बीच नावाच्या उंच झाडांची जंगलं. कॅलेंडरवर छापावं असं गाव.

अनुप ब्रॅकनेलला आयटीत. बायको मीनाक्षी फार्मसिस्ट. दोन वर्षांपूर्वी त्यांनी या गावात घर घेतलं आणि अनुपला पळायचं वेड लागलं. आमचा एक मराठी रनिंग ग्रुप आहे, "पळपुटे बर्कशायर". एक्केचाळीस जण. त्यांच्यासाठी अनुप आपल्या गावाभोवतीचे सुंदर रूट शोधून नकाशे करत होता. चौथा रूट त्याचा सगळ्यात लाडका. चर्चच्या मागून निघायचं, मेंढ्यांच्या कुरणातून जायचं, एका वेळी एकच माणूस जाईल अशा झुलत्या लाकडी फाटकातून जंगलात शिरायचं, आणि टेकडीवर पोचलं की खाली धुक्यात अख्खी दरी.

फाटकाशी एक काटेरी झुडूप होतं.

त्या शुक्रवारी त्या झुडपाला एक पिशवी लटकत होती...

निळी, छोटी, गाठ मारलेली. आत काय होतं ते सांगायला नको. इथे कुत्रा फिरवणारे त्याची घाण पिशवीत भरतात, हे चांगलंच. पण काही महाभाग ती पिशवी फांदीला टांगून पुढे जातात. ख्रिसमस ट्री सजवल्यासारखी.

अनुप चिडला. इंडियातून आलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून स्वच्छतेचे धडे ऐकावे लागतात. त्याने फोन काढला, फोटो मारला आणि ग्रुपवर टाकला.

"हे म्हणे आपल्याला स्वच्छता शिकवणार!"

हसणाऱ्या इमोजींचा पाऊस पडला. तनिषाने लिहिलं, "रूट फोर: सीनिक, विथ फ्रेग्रन्स." शशिधर म्हणाला, "भाऊ, साहेबाचा प्रसाद आहे, नाही म्हणू नये."

शनिवारी पिशवी तिथेच होती. तिच्यावर बर्फाची पांढरी साय धरली होती.

अनुप थांबला. दुसरा फोटो काढायला त्याने हात उंच केला.

तेवढ्यात खालून कुठून तरी शिट्टी आली...

तीन बारीक शिट्ट्या. मग शांतता. मग पुन्हा तीन.

कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय, असं त्याला वाटलं. हाच असणार तो घाणेरडा, असंही वाटलं. त्याच्या घड्याळात त्या दिवशी टायमिंग फार छान चाललं होतं. त्याने इअरफोनचा आवाज वाढवला आणि टेकडी चढायला लागला.

दुसरा फोटो आला तेव्हा मी लिहिलं. हो, मी. माझ्या हाताने.

"उचल आणि ज्याची आहे त्याच्या दाराला टांग."

सत्तावीस जण हसले.

रविवारी पिशवी होतीच. शिट्टी मात्र नव्हती.

अनुपला बरं वाटलं.

सोमवारी सकाळी फाटकाशी पोलिसांची गाडी होती. जवळ ॲम्ब्युलन्स, तिचे दिवे बंद. शेजारची जिल डोळे पुसत उभी होती.

"स्टॅन गेला," ती म्हणाली.

स्टॅन म्हणजे गावातला म्हातारा. ऐंशीच्या पुढचा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लॅब्रेडॉरचा पट्टा. भेटला की "मॉर्निंग!" म्हणणार, इतकीच अनुपची त्याच्याशी ओळख.

शुक्रवारी पहाटे तो पाय घसरून पायवाटेखालच्या चरात पडला होता. खुबा मोडलेला. वाळक्या तांबड्या नेच्यांनी वरून झाकला गेला होता. पट्टा मनगटाला गुंडाळलेला. कुत्रं म्हातारं, त्याचा आवाज कधीच गेलेला. तीन दिवस ते त्याच्या छातीवर बसून होतं.

"आणि ती पिशवी बघ की," जिल म्हणाली. "आम्हाला कळायला हवं होतं. दोन्ही हात अडकलेले असायचे बिचाऱ्याचे. इथे टांगायचा आणि म्हणायचा, परत येताना नेतो. वीस वर्षं. एकदासुद्धा विसरला नाही. पिशवी लटकलेली आहे म्हणजे स्टॅन परत आलेला नाही..."

पोलिसांतली बाई वही घेऊन आली. "तुम्ही रोज इथून पळता ना? काही पाहिलंत? काही ऐकलंत?"

"नो," अनुप म्हणाला. "मी म्युझिक लावून पळतो."

"शनिवारी तो नक्की जिवंत होता, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. रविवारीही असेल कदाचित."

घरी येऊन त्याने बाथरूमची कडी लावली आणि शनिवारचा फोटो मोठा करून पाहिला. मधोमध पिशवी. मागे तांबडे नेचे.

आणि नेच्यांतून वर आलेली पाच बोटं...

त्याने फोटो उडवला. फोनमधून आणि ग्रुपवरूनही. कुणाला एक शब्द बोलला नाही. बायकोलाही नाही.

मंगळवारी सकाळी त्याने पळायला जायला दार उघडलं.

मुठीला निळी पिशवी लटकत होती.

मीनाक्षी मागून आली. "शी! हे काय? कुणी केलं हे?"

"असेल कुणी कार्टं."

त्याने दोन बोटांत धरून ती काढली आणि दचकून हात झटकला.

पिशवी कोमट होती...

बुधवारी पुन्हा. गुरुवारी पुन्हा. तीच गाठ, तोच कोमटपणा. दारावर कॅमेरा होता. त्याने रेकॉर्डिंग पाहिलं. सात चौदाला दाराची मूठ रिकामी. सात पंधराला पिशवी. मध्ये कुणी आलं नाही, गेलं नाही. कॅमेऱ्याला आवाज मात्र सापडला होता.

तीन बारीक शिट्ट्या.

स्टॅनचं कुत्रं त्याची मुलगी हेलन आपल्या गावी घेऊन गेली होती, ऐंशी मैलांवर. मग ही घाण येत कुठून होती?

आणि वास. तो कचऱ्याच्या डब्यात राहायला तयार नव्हता. धुतलेल्या टीशर्टला यायचा. उशीला यायचा. चहाचा कप ओठाला लावला की यायचा. अनुपने तीन-तीनदा अंघोळ करून पाहिलं. बोटं घासून घासून सोलली. जेवताना हात तोंडाशी नेला की उमासा यायचा. तो चमच्याने भात खायला लागला, मग तोही सुटला. मीनाक्षीला वास येत नव्हता. तिला फक्त नवरा वाळत चाललेला दिसत होता.

"अनुप, तू कुणाचं काही वाईट केलंयस का?" तिने एकदा सरळ विचारलं.

"मी काहीच केलं नाही."

"तेच विचारतेय. काय केलं नाहीस?"

तो उठून गेला.

सोळाव्या दिवशी त्याने दाराची पिशवी मुठीत घेतली आणि पळत सुटला. इअरफोन घरी. जिथली आहे तिथे परत टांगायची, एवढंच डोक्यात. कुरण गोठून पांढरं पडलं होतं. काटेरी तारेवर शेतकऱ्याने मारलेले मोल, म्हणजे कुरण पोखरणारे चिचुंद्रीसारखे प्राणी, ओळीने टांगलेले, उंदरांएवढे, गुलाबी पंजे पसरलेले. त्याला दोनदा ओकारी आली.

फाटकाशी पोचला. हात फांदीकडे गेला.

आणि खालून शिट्टी आली...

या वेळी तो पळाला नाही. बसत-घसरत चरात उतरला.

सगळीकडे बर्फाची साय होती. फक्त एका जागी नव्हती. एका माणसाएवढ्या जागी. तिथलं गवत दबलेलं, हिरवं, ओलं. छातीच्या जागेवर अजून एक छोटा गोल.

त्याने हात टेकला.

जमीन कोमट होती. आणि हाताखाली काहीतरी वर-खाली होत होतं. हळू. श्वासासारखं...

"मी ऐकलं होतं," अनुप म्हणाला. आधी मराठीत, मग इंग्रजीत. "स्टॅन, आय हर्ड यू. मला ऐकू आलं होतं. मी आवाज वाढवला."

हालचाल थांबली. हातातली पिशवी एकदम गार पडली. दगडासारखी.

तो तसाच चिखलाने माखलेला गाडीत बसला आणि ऐंशी मैल गेला. हेलनच्या दारात उभं राहून सगळं सांगितलं. शिट्टी, घड्याळ, फोटो, पोलिसांपुढचं खोटं. पायाशी ते म्हातारं लॅब्रेडॉर येऊन त्याचा हात हुंगत होतं. हेलनने शेवटपर्यंत ऐकलं. मग कुत्र्याला आत ओढलं आणि दार लावलं. परतीच्या वाटेवर तो पोलिसांकडेही जाऊन आला.

संध्याकाळी तो माझ्या फ्लॅटवर आला आणि रडत रडत हे सगळं मला सांगितलं. मी भात टाकला. तो हाताने जेवला. दोन वाढी.

"गेला रे वास," म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दाराला पिशवी नाही. आज आठ महिने झाले. तो पळत नाही, चालतो. फाटकाशी थांबतो. झुडपाखाली बघतो. मगच पुढे जातो.

हे इथे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

मी ब्रॅकनेलला चौथ्या मजल्यावर राहतो. खालचं दार कोड टाकल्याशिवाय उघडत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये कुत्रं पाळायला परवानगीच नाही.

मागच्या सोमवारी सकाळी मी दार उघडलं, तर मुठीला निळी पिशवी.

कोमट.

मी अनुपला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू काय लिहिलं होतंस ते आठवतंय का?"

आठवतंय. ज्याची आहे त्याच्या दाराला टांग.

काल तनिषाचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला, खाजगी. "एक विचित्र गोष्ट विचारू? तुझ्या दाराला काही..." एवढंच लिहून तिने तो पुसून टाकला. शशिधर परवापासून कुणाचाच फोन उचलत नाही.

अनुप सुटला, कारण त्याच्याकडे कबूल करण्यासारखं काही होतं. त्याने ऐकलं होतं. आम्ही काय सांगायचं? कुणाच्या दारात जाऊन? तुमचा बाप चरात पडून शिट्ट्या मारत होता तेव्हा आम्ही आपापल्या गाद्यांवर लोळत हसत होतो, म्हणून?

सहा दिवस झाले. आता मला जेवताना वास येतो. हे टाइप करताना बोटांना येतोय.

सात चौदा झालेत.

बाहेर पॅसेजमध्ये कुणीतरी कुत्र्याला बोलावतंय...