ज्याचा हात पंख्याला, हँडल त्याच्या कमरेला

डही गावाच्या खाली धरणानं फुगलेलं नर्मदेचं अफाट पाणी, आणि पलीकडच्या टेकडीवर अकरा तान्ही बाळं लशीची वाट बघत होती. डब्यातला बर्फ दुपारपर्यंतच टिकणार होता. मी नर्स, लस वाया गेली तर पुढची फेरी थेट महिन्यानं. सोबत माझे दीर, धीरजभाऊजी. ते नौदलात जहाजांची इंजिनं दुरुस्त करतात; सुट्टीत देवासच्या घरी स्वस्थ बसतील तर शपथ!

नाव शालिग्राम भियांची; इकडे भाऊला भिया म्हणतात. निम्मं पाणी ओलांडलं आणि खटकन इंजिन बंद! पाण्याखालच्या पंख्याला कुणाचं तरी तुटकं जाळं गुंडाळलं होतं. वारा वाढत होता आणि नाव बुडालेल्या झाडांच्या वाळक्या बुंध्यांकडे सरकत होती.

भाऊजींनी शर्ट काढला, चाकू घेतला आणि इंजिन फिरवून चालू करायचं लोखंडी हँडल चक्क कमरेला बांधलं!

"अहो, ते कशाला? धोंड्यासारखे तळाला जाल!"

"जहाजावरचा कायदा आहे, वहिनी. ज्याचा हात पंख्याला, हँडल त्याच्या कमरेला. वरून कोणी चालूच करायला नको."

शालिग्राम हसले. "अरे भिया, मैं क्या पागल हूँ?"

भाऊजींनी बुडी मारली. वर आले, श्वास घेतला, पुन्हा खाली. जाळ्याचे तुकडे तरंगू लागले.

तेवढ्यात जोराची झुळूक आली. नाव गर्रकन फिरली. समोर बुंधा! आणि भाऊजी खाली, पंख्यापाशी!

"गए! गए!" शालिग्राम इंजिनाकडे झेपावले. त्यांचा हात सवयीनं हँडलच्या जागी गेला. तिथं काहीच नव्हतं! ते थिजले.

मी बांबू उचलला, बुंध्याला टेकवला. "भिया, इकडे या!" ते धावले. दोघांनी रेटा दिला. बांबू वाकला, करकरला... आणि नाव वीतभर अंतरानं निसटली!

भाऊजींचं डोकं वर आलं. "सुटलं, वहिनी! चला!"

पलीकडे पोचलो तेव्हा डब्यात बर्फाचे चार खडे शिल्लक होते. एकेक बाळ टाहो फोडू लागलं, आया हसू लागल्या. शालिग्राम मात्र भाऊजींपुढे मान खाली घालून उभे.

"भिया, मेरा हाथ हँडल पे चला गया था."

"माझा पण गेला होता एकदा, जहाजावर. खाली पंख्यापाशी माझा यार होता. इंजिनाची किल्ली त्याच्याच खिशात होती, म्हणून वाचला. अजून शिव्या देतो मला!"

मी वळून पाहिलं. भाऊजींच्या हातांवर ओरखडे होते, पण दहाही बोटं शाबूत होती. मी सुई भरली आणि सातवं बाळ त्या हातांत दिलं.

"घट्ट धरा," म्हटलं.