आजोबांच्या खुर्चीवर

तो देवाच्या खुर्चीवर बसला होता. खुशाल, पायावर पाय टाकून, हातात शेवयांचा वाडगा.

थायलंडमधल्या उदोनच्या आमच्या आजोबादेवाला सिनेमा आवडतो. नवस पूर्ण झाला की लोक देवळासमोर पडदा लावून घेतात. पडदा, यंत्र, सिनेमे सगळं आमच्या घरचं, आणि बाबांची कंबर धरल्यापासून कारभार माझ्याकडे. पुढे एकच लाल खुर्ची, तिच्यापाशी लाल सरबताची बाटली – ती आजोबांची. माणसं येवोत न येवोत, सिनेमा सुरू झाला की मध्येच थांबवायचा नाही.

"उठा," मी म्हटलं. "ज्यांची जागा आहे ते रागीट आहेत."

"कोण? इथे तर कुणीच नाही."

मी देवळाकडे बोट दाखवलं. तो असा ताडकन उठला की शेवया शर्टावर. त्याने मूर्तीला हात जोडले, मग गडबडीत खुर्चीला, मग मलाही. मला हसू आवरेना.

त्याचं नाव तोन, माझं ओई. देवळासमोर शेवया विकणाऱ्या मावशीचा पाय मोडला म्हणून बँकॉकहून मदतीला आलेला भाचा. त्यानंतर रोज दिवेलागणीला तो माझ्यासाठी वाडगा घेऊन यायचा आणि माझ्या निवडीला नावं ठेवायचा. देवाने काय पाहायचं हे मी ठरवते – आधी मारामारीचा, मग भुताचा, शेवटी पोटभर रडवणारा. त्याला हे पसंत नव्हतं. त्याला संथ दिग्दर्शक हवे होते, ज्यांच्या सिनेमात माणसं नुसती भात खात बसतात.

"आजोबांना झोप लागेल," मी म्हणायचे.

"लागू दे की, ओई. दमलेत बिचारे. आणि टीव्हीवरच्या त्या विनोदी मालिका? देवाने हसायचंच नाही का?"

"देवळात मालिका? मी असेपर्यंत नाही."

एकदा भुताच्या सिनेमात रिमझिम सुरू झाली. छत्री आजोबांच्या खुर्चीवर धरायची असते. आम्ही दोघांनी एकच दांडा धरला… देव कोरडा राहिला, आम्ही चिंब. भूत कधी मेलं ते मला कळलंच नाही.

मग मावशीचा पाय बरा झाला. तोनला मोठ्या जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी मिळाली, दोन वर्षांची. मावशी म्हणत होती, दुकान तूच सांभाळ. तो म्हणाला, इथे थांबायला काही कारण तर हवं. म्हणताना बघत होता माझ्याकडे – आणि मी वेडी वायर गुंडाळत राहिले. घरी येऊन मला माझाच राग आला. पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही.

शुक्रवारी संध्याकाळी त्याची बस होती. मी दुपारीच पडदा ताणला. तो पिशवी खांद्याला लावून निरोप घ्यायला आला तेव्हा पडद्यावर मालिका सुरू झाली होती… त्याच्या आवडीची, विनोदी.

तो बघतच राहिला. "हे काय? कुणाचा नवस?"

"माझा."

"काय मागितलं होतंस?"

"तू थांबावंस."

"ओई… मी तर निघालोय."

"म्हणूनच घाई केली. नवस फेडला म्हणजे मागणं पूर्ण झालं, अख्खं गाव हेच धरतं. आता आजोबांना खोटं पाडायचं असेल तर जा."

"देवालाच पेचात पकडलंस?"

"देवाला नाही. तुला. मला तू आवडतोस, तोन. हे कारण पुरत नसेल तर बस अजून सुटलेली नाही."

पडद्यावर कुणीतरी चिखलात धपकन पडलं आणि आम्ही दोघं एकदम हसलो. त्याने पिशवी खाली ठेवली, मावशीच्या दुकानातून एक स्टूल आणलं आणि लाल खुर्चीच्या बराच मागे, माझ्या यंत्राला खेटून मांडलं.

"किती भाग आहेत?" त्याने विचारलं.

"पुष्कळ. आणि मध्येच उठायचं नसतं."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि बसला.